लेपर्ड गेको घरी आलाय: खाऊ घालणं, हातात घेणं आणि चावा टाळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत हे हमखास घडतं. पोरांना काहीतरी पाळायचं असतं, घरमालक कुत्र्या-मांजराला नाही म्हणतो, आणि तोडगा म्हणून काचेच्या पेटीतून एक लेपर्ड गेको, म्हणजे पालीच्या जातकुळीतला एक सरपटणारा प्राणी, घरात येतो. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, पूर्ण वाढल्यावर वीतभर किंवा थोडा जास्त, सतत हसल्यासारखा दिसणारा. कौतुक ओसरलं की पहिला प्रश्न येतो, हा चावला तर?

खालची उत्तरं लेपर्ड गेकोपुरती आहेत. दुसऱ्या जातींबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: गेको खुनशीपणाने चावत नाही. एकतर तो तुमच्या बोटाला अळी समजतो, नाहीतर तुम्हाला शिकारी समजतो. हे दोन वेगळे चावे आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

चावला तर किती लागतं? विष असतं का?

विष अजिबात नसतं. तोंडात कंगव्यासारखे बारीक दात असतात, ते आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. पिल्लाने चावलं तर चिमटा बसल्यासारखं वाटतं. मोठा, सत्तर-ऐंशी ग्रॅमचा नर मनापासून चावला तर ओरखडा उठतो, कधी रक्ताचा थेंब येतो. साबण-पाण्याने नीट धुतलं, जंतुनाशक लावलं की बहुतेक वेळा काम संपतं. जागा लाल होऊन सुजली, ठणकू लागली किंवा ज्याला चावलं त्याची प्रतिकारशक्ती आजारपणामुळे कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मग चावतो कशामुळे?

भूक आणि भीती.

भुकेचा चावा असा होतो: तुम्ही रातकिड्यांचा डबा उघडला, दोन किडे हाताने पकडून टाकले आणि त्याच हाताने पाण्याची वाटी सरळ करायला गेलात. बोटाला किड्यांचा वास आहे, बोट जमिनीलगत हलतंय, आणि गेकोची जेवणाची वेळ झालीय. त्याच्या जागी कोणीही तोंड मारलं असतं. असा चावा झटकन येतो आणि बहुधा झटकन सुटतो, कारण बोट अळी नाही हे त्यालाही कळतं.

भीतीचा चावा वरून येणाऱ्या हातामुळे होतो. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातला. दिवसा दगडाखाली दडतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. वरून झेपावणारी गोष्ट म्हणजे पक्षी किंवा कोल्हा, एवढं त्याच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय. तुमचा पंजा पेटीच्या झाकणातून खाली उतरताना त्याला नेमकं तेच दिसतं.

घरी आणल्यावर लगेच हातात घेता येईल का?

नाही. निदान पहिला आठवडा, जमल्यास दोन, त्याला एकटं सोडा. पाणी बदला, घाण उचला, खाऊ द्या आणि बाहेरून बघत बसा. पोरं नाराज होतील. होऊ देत. या काळात ज्याला सारखं उचललं जातं तो गेको पुढे महिनोन्‌महिने हात दिसला की लपतो, असा माझा अनुभव आहे.

पेटी आधी तयार करून ठेवा आणि मग गेको आणा. साधारण तीन फूट लांब पेटी बरी. एका टोकाला ऊब हवी: जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. दुसरं टोक २४ ते २६ अंश. ऊब देणारी मॅट किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप ताब्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका. पोट भाजलेले गेको हे पशुवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातलं चित्र आहे. लपायला तीन जागा हव्यात. एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, आणि एक आत ओलसर शेवाळ किंवा ओला किचन पेपर ठेवलेली. खाली सुरुवातीला किचन पेपरच अंथरा. सुटी वाळू किडा पकडताना पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. "कॅल्शियम सँड" नावाने विकतात तीही टाळा.

तापमानाचा चाव्याशी संबंध काय, असं वाटेल. पुरेशी ऊब नसेल तर गेकोला खाल्लेलं पचत नाही, पचत नाही म्हणून तो खात नाही, आणि लपायला जागा नसलेला गेको कायम बचावाच्या पवित्र्यात असतो. चिडक्या म्हणून मला दाखवायला आणलेल्या गेकोंची पेटी मी आधी बघतो.

चार दिवस झाले, काहीच खात नाही. काय करू?

नव्या जागेत चार-सहा दिवस न खाणं नेहमीचं आहे. त्याच्या जाड शेपटीत चरबीचा साठा असतो, त्यावर त्याचं भागतं. उबेच्या बाजूचं तापमान डिजिटल थर्मामीटरने मोजा. काचेवर चिकटवायच्या गोल घड्याळी थर्मामीटरवर विसंबू नका. खाऊ संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर द्या. शेजारी उभं राहून "खा ना रे" करू नका.

मोठा गेको दहा-बारा दिवस न खाता राहिला आणि शेपटी जाड असेल तर वाट बघता येते. पिल्लू मात्र तीन-चार दिवसांच्या पुढे गेलं, किंवा कोणत्याही वयाच्या गेकोची शेपटी काडीसारखी बारीक होऊ लागली, पातळ दुर्गंधी शी होऊ लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे ताजी शी डबीत घालून न्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने अशी शेपटी वाळते आणि तो आजार हट्टी असतो.

आमच्या घरी मांसाहार चालत नाही. पनीर, भात, फळं, भाजी देता येईल?

नाही. लेपर्ड गेको निव्वळ कीटकभक्षी आहे. फळ-भाजी त्याला पचत नाही, आणि शिवाय हलत नसलेली वस्तू त्याला अन्न वाटतच नाही. तेव्हा घरात जिवंत किड्यांचा डबा ठेवायची तयारी नसेल तर हा प्राणी आणू नका, आणलाच असेल तर ज्याला जमेल त्याला द्या. यात लाज वाटायचं कारण नाही. उलट महिनाभर पनीर भरवून त्याचे हाल करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. किडे नको असतील आणि गेको हवाच असेल तर क्रेस्टेड गेको बघा. तो फळांच्या चवीच्या तयार पुडीवर वाढू शकतो. पण त्या पुडीच्या घटकांतही बहुधा कीटक किंवा प्राणिजन्य प्रथिनं असतात, डबा वाचून घ्या.

मग नक्की काय द्यायचं?

रोजच्यासाठी रातकिडे, ड्युबिया जातीची पाळीव झुरळं आणि काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या. मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) सोपे, डब्यात टिकतात, पण फक्त त्यांच्यावर ठेवू नका. वॅक्सवर्म (मेणपतंगाच्या अळ्या) म्हणजे त्याची जिलेबी: चरबी भरपूर, सवय लागली तर बाकीचं तोंडात घेणार नाही. महिन्यातून एक-दोन पुरे.

किड्याची लांबी-रुंदी बघण्याचा ठोकताळा: गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा जाड नको.

घरातली झुरळं देऊ नका. त्यांनी कुठली पेस्ट, कुठली फवारणी खाल्लीय ते तुम्हाला माहीत नाही. बागेतले किडेही नकोत, त्याच कारणाने आणि परजीवींमुळे. काजवा तर चुकूनही नको. त्याच्या अंगातलं विष सरड्या-पालींच्या हृदयावर परिणाम करतं आणि एखाद-दुसरा काजवाही जीव घेऊ शकतो. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागात अंगणात काजवे भरपूर दिसतात आणि पोरं ओंजळीत पकडून आणतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

किती आणि केव्हा?

चारेक महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज, वर्षाच्या आतल्याला एक दिवसाआड, मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा. मोठ्यासाठी एका वेळी सहा-आठ मध्यम किडे ठीक. पंधरा मिनिटांत जेवढं खाईल तेवढं खाऊ द्या आणि उरलेले रातकिडे बाहेर काढा. ते झोपलेल्या गेकोची कातडी आणि बोटं कुरतडतात.

शेपटी मानेइतकी जाड असेल तर प्रकृती छान. शेपटी धडापेक्षा रुंद झाली आणि काखेत फुगे दिसू लागले तर लाड कमी करा. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची सवय असते. गेकोच्या बाबतीत ती आवरावी लागते.

कॅल्शियमची पूड खरंच लागते, की दुकानदार खपवतात?

लागते. बहुतेक किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतं. हे प्रमाण सुधारलं नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं: जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. मऊ जबड्याच्या गेकोला चावायलाही जमत नाही, मग चाव्याची भीती उरत नाही, पण गेकोही फार दिवस उरत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीत किडे आणि चिमूटभर पूड घालून हलवा, लाह्यांना मसाला लावतात तसं. किडे पांढुरके दिसले पाहिजेत, पिठात बुडालेले नकोत. साधी कॅल्शियमची पूड बहुतेक जेवणांना, आणि आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वांची. पेटीत यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर ड-३ जीवनसत्त्व असलेली पूडही आलटून-पालटून लागते. किती वेळा ते डब्यावर लिहिलेलं असतं. ड-३ जास्त झालं तर तेही घातक, म्हणून अंदाजपंचे नको. खुद्द किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, हिरवा पाला, ओट्स खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल.

हाताने भरवू, चिमट्याने भरवू, की वाटीत ठेवू?

सुरुवातीला वाटीत किंवा चिमट्याने. हाताने बिलकुल नाही.

चाव्याच्या विषयातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर. "माया लागावी म्हणून हाताने भरवतो" असं लोक सांगतात. मायेचं मला माहीत नाही, पण गेको त्यातून एवढंच शिकतो की पेटीत उतरणारी बोटं म्हणजे जेवण. एकदा हे डोक्यात बसलं की तुम्ही पाणी बदलायला हात घातलात तरी तो धावत येणार. हा आक्रमक झाला असं तुम्हाला वाटतं. तो बिचारा पंगतीला बसलेला असतो.

म्हणून जेवणाची खूण वेगळी ठेवा आणि हाताळण्याची वेगळी. जेवण नेहमी चिमट्याने, शक्यतो पेटीच्या त्याच कोपऱ्यात. हातात घ्यायचं असेल त्या वेळी चिमटा दिसताच कामा नये. लांब चिमटा घ्या, टोकाला रबर किंवा बांबूचा. धातूच्या टोकाने झडप मारताना दात आणि ओठ दुखावतात. किडा त्याच्या नाकासमोर थेट नाचवू नका. थोडा बाजूला, जमिनीलगत, किडा स्वतः चालल्यासारखा सावकाश हलवा. तो टक लावून बघेल, अंग उचलेल, शेपटीचं टोक थरथरवेल आणि झडप घालेल. त्याने धरलं की लगेच सोडा. ओढाताण झाली तर पुढच्या वेळी तो चिमट्यालाच गच्च धरून बसतो.

मीलवर्म आणि अळ्यांसाठी गुळगुळीत उभ्या काठाची वाटी उत्तम. अळ्या चढून पळत नाहीत आणि गेको आपल्या वेळेने खातो. घरात लहान मुलं भरवणार असतील तर वाटीच बरी.

हातात कसा घ्यायचा?

वेळ संध्याकाळची, तो स्वतःहून बाहेर आलेला असताना. दडलेल्याला दगडाखालून ओढून काढणं म्हणजे भीतीच्या चाव्याला आमंत्रण. खाऊन झाल्यावर काही तास तरी जाऊ द्या, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतो. उपाशीपोटीही नको.

हात बिनवासाच्या साबणाने धुवा. किड्यांचा वास जायला हवा, आणि अत्तर, क्रीम, कांदा-लसणाचाही.

पहिले काही दिवस नुसता तळहात वर करून पेटीच्या जमिनीवर ठेवा आणि स्वस्थ बसा. बोटं एकमेकांना चिकटवून ठेवा; सुटी, वळवळणारी बोटं अळ्यांसारखी दिसतात. तो येईल, जीभ लावून बघेल. जीभ लावणं म्हणजे वास घेणं, चव घेऊन चावायची तयारी नव्हे. इथे लोक दचकून हात झटकतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पाच मिनिटं झाली की हात काढून घ्या. कधीतरी तो स्वतःच तळहातावर चढेल. हात गरम असतो, त्याला तो आवडतो.

उचलताना बाजूने, त्याला दिसेल असा हात आणा आणि पोटाखाली सरकवा. चारही पायांना आधार मिळाला पाहिजे. वरून मुठीत धरू नका, मान दाबू नका, आणि शेपटीला हात लावू नका. जमिनीवर बसूनच हाताळा, पलंगावर किंवा उभ्याने नको. घरातल्या पालीसारखे चिकट तळवे याला नसतात. तो भिंतीवर चढू शकत नाही, पडला की आपटतो. चालू लागला तर एका हातापुढे दुसरा हात धरत राहा, त्याला चालू द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, पुढे दहा-पंधरा. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिला तर अंग गार पडतं.

चावणार हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. शेपटी वर उचलून सावकाश, नागमोडी डोलवतोय, पाठ कमानीसारखी, पाय ताठ आणि नजर तुमच्या हातावर: तो म्हणतोय, लांब राहा. हात तसाच स्थिर ठेवा किंवा हळू मागे घ्या, आणि त्या दिवशी नाद सोडा. शेपटीचं नुसतं टोक भराभर थरथरत असेल तर तो शिकारीच्या उत्साहात आहे. जवळ किडा नाही आणि तरी टोक थरथरतंय, तर तुमच्या बोटाकडे बघून घ्या. नर मादीचा वास आल्यावरही टोक असंच वाजवतो.

पिल्लं तोंड उघडून कर्कश किंचाळतात. एवढ्याशा जिवातून तेवढा आवाज ऐकून मोठी माणसं चळाचळा कापताना पाहिली आहेत. त्यात दम कमी आणि नाटक जास्त असतं, पण घाबरलेलं आहे हे खरं. त्याला सोडून द्या.

चावला आणि सोडत नाही. आता?

हात झटकू नका. झटकल्याने त्याचा जबडा मोडू शकतो, तो भिंतीवर आपटू शकतो आणि तुमची कातडी फाटते. हात पेटीच्या जमिनीवर टेकवा, म्हणजे त्याच्या पायांना आधार मिळेल. पाय टेकले की बहुतेक गेको काही सेकंदांत सोडतात. नाहीच सोडलं तर तोंडावर कोमट पाण्याचे दोन थेंब टाका. तोंडात पेन किंवा चमचा घालून उचकटू नका. व्हिनेगर, सॅनिटायझर त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका.

सुटल्यावर एक मिनिट थांबा. लगेच घाईने पेटीत ठेवून झाकण लावलं तर "चावलं की सुटका होते" हा धडा त्याला मिळतो. शांत झाला की मग ठेवा.

घाबरून शेपटी टाकली! मरेल का?

मरणार नाही. शेपटी टाकणं ही त्याची बचावाची युक्ती आहे. तुटलेली शेपटी वळवळत राहते, शिकाऱ्याचं लक्ष तिकडे जातं आणि हा पळतो. रक्त फारसं येत नाही. पेटीत काही दिवस फक्त किचन पेपर ठेवा, तो रोज बदला, जखमेला मलम चोपडू नका, आणि हाताळणं बंद. चरबीचा साठा गेल्यामुळे खाऊ थोडा वाढवा. काही आठवड्यांत नवी शेपटी येते, पण ती बुटकी, गुळगुळीत आणि कांद्यासारखी गोल असते. जखम काळी पडली, पू आला तर पशुवैद्य.

रंग फिकट पांढरा पडलाय आणि चिडचिड करतोय.

कात टाकणार आहे. या दिवसांत त्याला हात लावू नका. कातडी ताणलेली असते, डोळ्यांवरही पापुद्रा असतो, नीट दिसत नाही आणि दिसलं नाही की तो आधी चावतो. टाकलेली कात तो खाऊन टाकतो, त्यात काही बिघडलेलं नाही. फक्त ओलसर लपणीतला ओलावा टिकवा आणि नंतर पायाची बोटं तपासा. बोटांवर कातीचं कडं राहिलं तर रक्त अडून बोट झडतं. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करा आणि ओल्या कापसाच्या काडीने अलगद सोडवा.

आधी शहाणा होता, आता अचानक चावायला लागलाय.

आधी दुखणं शोधा. ओठांना सूज, तोंडात पिवळसर थर, एक डोळा मिटलेला, अंड्यांनी भरलेलं पोट, यांपैकी काही असेल तर स्वभावाला दोष देऊ नका. वसंतात नर अस्वस्थ असतात. साताठ महिन्यांच्या वयात पिल्लाचं तारुण्य सुरू होतं, तेव्हाही काही दिवस नखरे चालतात.

काही गोष्टी जन्मापासूनच्या असतात. एनिग्मा या रंगप्रकारातल्या अनेक गेकोंना मज्जासंस्थेचा दोष असतो: गोल गोल फिरतात, मान कलती ठेवतात, झडप चुकते. अशांना वाटीतच द्या. आणखी एक गंमत म्हणजे यांचा नर-मादी भेद अंडी किती अंशांवर उबवली यावर ठरतो. २६ अंशांना माद्या, साधारण ३२-३३ ला बहुतेक नर, ३४ च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. या उष्ण उबेतल्या माद्या इतर माद्यांपेक्षा आक्रमक असतात असं प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे क्वचित एखादा गेको सगळं नीट करूनही फटकून राहतो. त्याला बघण्यासाठी पाळा.

एकटा कंटाळेल म्हणून जोडीला दुसरा आणू का?

नको. दोन नर एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवले तर मादी अंडी घालून घालून खंगते. दोन माद्यांतही एक दुसरीला उबेवरून आणि खाण्यावरून हुसकते. हा एकट्याने राहणारा प्राणी आहे.

लहान मुलांनी हात लावला तर चालेल?

चावा राहू द्या, खरी काळजी साल्मोनेलाची. हे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या शीतही असतात. २०१५ मध्ये अमेरिकेत पाळीव क्रेस्टेड गेकोंशी जोडलेली साल्मोनेलाची साथ नोंदली गेली होती. पाच वर्षांखालच्या मुलांनी गेको आणि त्याची पेटी दोन्हींपासून लांबच राहावं. त्याहून मोठ्यांनी आधी आणि नंतर हात धुवावेत, गेकोची पापी घेऊ नये, आणि त्याच्या वाट्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. घरात गरोदर बाई किंवा खूप वयस्क माणूस असेल तर पेटी साफ करायचं काम दुसऱ्याने करावं.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. घरात पाल बघून काय म्हणतील?

म्हणतील बरंच. पाल अंगावर पडली तर आंघोळ, पाल दुधात पडली तर विष, हे ऐकत आपण सगळेच वाढलोय. वाद घालू नका. पालीच्या अंगात विष नसतं, पण दूध-आमटीत पडलेल्या पालीमुळे जंतू जाऊ शकतात, म्हणजे अन्न टाकून द्यायचा जुना रिवाज वाया नाही, एवढं कबूल करून टाका. मग पेटीला कुलूप लावा, ती जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवा, आणि पापणी मिटून झोपलेला गेको दाखवा. घरातल्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात, याला असतात, आणि त्या मिटलेल्या दिसल्या की आज्या विरघळतात असं निरीक्षण आहे. किड्यांचा डबा मात्र त्यांच्या नजरेस पडू देऊ नका.

हेच नियम दुसऱ्या गेकोंना लागू?

अर्धेमुर्धे. न्यू कॅलेडोनियातला क्रेस्टेड गेको, जो नामशेष समजला जायचा आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडला, तो चावण्यापेक्षा उड्या मारतो. त्याला २२ ते २६ अंश पुरतात आणि तुटलेली शेपटी परत येत नाही. टोके गेको मात्र नवशिक्याने घेऊच नये. निळसर-करडा, नारिंगी ठिपक्यांचा, देखणा, आणि चावला की धरून बसणारा. त्याला हातात घ्यायची हौस करू नका.

आम्ही महाराष्ट्रात राहतो. इथे पाळता येईल का?

लेपर्ड गेकोचा एक सख्खा भाऊबंद, युब्लेफॅरिस फुस्कस, महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रानातच राहतो. पावसाळ्याच्या रात्री माळावर, दगडी बांधाशी दिसू शकतो. लोक विषारी समजून त्याला मारतात. तो निरुपद्रवी आहे. दिसला तर फोटो काढा आणि जाऊ द्या. पकडून घरी आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि परिशिष्टं बदलली, त्यामुळे विक्रेता "चालतं हो" म्हणाला तरी वन विभागाला विचारल्याशिवाय कोणताही गेको विकत घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींसाठी उत्तर सोपं आहे: तिथे परदेशी सरपटणारे प्राणी पाळायला परवानगी नाही.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाणार. गेकोचं काय?

सोबत नेता येणार नाही, आणि पेटीत पाण्याची मोठी वाटी ठेवून निघून जाणंही नको. निरोगी मोठा गेको आठवडाभर न खाता सहज राहतो. तीन आठवडे कोणीतरी यायला हवं. शेजाऱ्याला रातकिडे पकडायला लावू नका, तो पुन्हा मदतीला येणार नाही. मीलवर्मचा डबा फ्रिजमध्ये, पुडीची पिशवी बाजूला, आणि वाटीत सहा अळ्या दर तीन दिवसांनी, एवढंच सांगा. पाणी रोज किंवा एक दिवसाआड. थर्मोस्टॅटचा आकडा कितीच्या दरम्यान हवा ते चिठ्ठीवर लिहून काचेवर चिकटवा, हिवाळ्यात वीज गेली तर कोणाला फोन करायचा तेही. आणि ठळक अक्षरांत: हातात घ्यायची गरज नाही.